मांजऱ्या खडकातल्या खिडक्या

दिंडोरी तालुक्यात विहीर खणायला घेतली, की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि मग खडक. हा खडक खालपर्यंत एकसारखा नसतो. मध्येच सलग, घट्ट, सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण लागतो, तर मध्येच अंगभर पांढरे, हिरवट ठिपके असलेला थर येतो. विहिरी खणणारी माणसं या ठिपकेवाल्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातला एखादा ठिपका मुठीएवढा निघाला आणि फुटला, तर आत एकमेकांना चिकटून उभी राहिलेली चपटी, मोतिया रंगाची पाती चमकतात. पोरं ती खिशात घालतात. बाकीचा माल ‘गारगोट्या’ म्हणून विहिरीच्या ढिगाऱ्यावर जातो.

त्या ढिगाऱ्यावरच्या दगडात निसर्गातली एक अतिशय नाजूक बांधणी दडलेली आहे. ती उलगडायला शास्त्रज्ञांना पावणेदोनशे वर्षं लागली. उलगडल्यावर मात्र त्यांनी तिच्याकडून अशी कामं करून घेतली, जी नुसत्या उकळण्या-गोठवण्यानं एक तर होत नव्हती किंवा फार महाग पडत होती.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकावर एक पसरले. त्यातून तयार झालेला खडक आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. रामशेजचा डोंगर, सप्तशृंगीचा कडा, कादवेचं पात्र, सगळं त्यातलंच. लाव्हात विरघळलेले वायू वर यायला धडपडत असत. वरचा भाग थंड होऊन घट्ट झाला, की बुडबुडे तिथेच अडकून पडत. लाव्हाचा खडक झाला आणि बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ कोमट-गरम पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत राहिलं. वाटेत खडकातून विरघळलेलं सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम ते घेऊन चाललं होतं, ते त्या पोकळ्यांत साठत गेलं आणि त्याचे स्फटिक झाले. मांजऱ्यावरचे ठिपके म्हणजे अशा भरून आलेल्या पोकळ्या.

यातल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट ही त्यांतली काही नावं. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणींतून निघालेले नमुने जगभरच्या खनिजप्रेमींना माहीत आहेत. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं अख्खं संग्रहालय या दगडांचं आहे, ते एकदा जाऊन पाहावंच. मला त्या डोंगराचं विशेष वाटतं. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी खडक कोरून खोल्या केल्या. त्याच डोंगराच्या पोटात त्याआधी कोट्यवधी वर्षं, छिन्नीविना, एका रेणूला पुरतील एवढ्या खोल्या तयार होऊन बसल्या होत्या.

त्या खोल्यांचा पहिला सुगावा १७५६ मध्ये लागला. स्वीडनचा खनिजतज्ज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यानं असाच एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला आणि दगड फसफसला. आतून वाफ निघत होती. दगडात पाणी असणं तसं नवलाचं नाही. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणाला वापरतात त्या मोरचुदातही पाणी असतं, तो तापवला की पाणी उडतं, निळा रंग जातो आणि स्फटिक ढासळून पांढरी भुकटी उरते. नवल पुढे होतं. १८४० मध्ये ऑग्युस्त दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं, की झिओलाइट बेतानं तापवला तर पाणी जातं, पण स्फटिक जसाच्या तसा उभा राहतो. थंड झाल्यावर दमट हवेत ठेवला, की पाणी पुन्हा आत येतं. पाणी हा त्या घराचा भाग नव्हता, ते तिथे राहायला आलेलं होतं. ज्याला आपण भरीव दगड समजतो, त्याच्या आकारमानाचा मोठा हिस्सा मुळात मोकळा होता.

आतला नकाशा १९३० मध्ये क्ष-किरणांनी उघडला. लायनस पॉलिंग आणि डब्ल्यू. एच. टेलर यांनी पहिल्या झिओलाइटांच्या रचना मांडल्या. मधे सिलिकॉन आणि भोवती ऑक्सिजनचे चार अणू, अशी ही मूळ वीट. प्रत्येक ऑक्सिजन शेजारच्या विटेशी वाटून घेतलेला, त्यामुळे विटांची वलयं होतात, वलयांचे पिंजरे आणि पिंजऱ्यांची अखंड जाळी. पिंजऱ्यातून पिंजऱ्यात जायला खिडक्या असतात आणि एका जातीच्या स्फटिकात प्रत्येक खिडकी अगदी एकाच मापाची असते. कोळशात छिद्रं असतात, विटेत असतात, लाकडातही असतात, पण ती लहानमोठी, वेडीवाकडी. इथे मात्र साखरेच्या दाण्याएवढ्या स्फटिकातल्या अब्जावधी खिडक्यांत बारीकसाही फरक नाही, कारण त्यांचं माप अणूंनीच ठरवलेलं आहे.

आणखी एक खुबी आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काही विटांत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं. तसं झालं, की त्या जागी एक ऋण विद्युतभार शिल्लक राहतो. तो फेडायला सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचा धनभारित आयन पिंजऱ्यात येऊन बसतो. भिंतीशी त्याचं घट्ट लग्न नसतं. सोडियम काढून पोटॅशियम बसवता येतं, पोटॅशियम काढून कॅल्शियम. घर तेच राहतं आणि आतला राखणदार बदलतो.

आता एका मूलभूत प्रश्नाकडे येऊ. रिकाम्या खोल्या आहेत, हे ठीक. रेणू तिथे का थांबतात?

घन पदार्थाच्या पृष्ठभागावरच्या अणूंना आतल्या बाजूला शेजारी असतात, बाहेरच्या बाजूला नसतात. त्यामुळे बाहेरून जवळ आलेल्या रेणूला ते थोडंसं ओढून धरतात. हे रासायनिक बंधन नव्हे. ओढ हलकी असते, थोडी उष्णता दिली किंवा दाब कमी केला, की रेणू सुटतो. पृष्ठभागावर असं धरून ठेवण्याला अधिशोषण म्हणतात. टेबलाच्या पाठीवरही ते घडतं, पण तिथे जागा किती असणार? पदार्थ आतून पोखरलेला असला, तर भिंतीच भिंती मिळतात आणि अरुंद पोकळीत तर रेणूला चहूबाजूंनी ओढ बसते.

किती भिंती, हे शेतकऱ्याच्या मापात सांगतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात असतो तो सक्रियित कोळसा चांगल्या प्रतीचा असेल, तर त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, म्हणजे दहा गुंठे. चार ग्रॅम कोळशात एक एकर. चमचाभर काळ्या भुकटीत एवढं रान पसरलेलं आहे, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी माझ्यासाठी शिळी होत नाही.

कोळशाची ही शक्ती माणसानं अठराव्या शतकापासून वापरली. द्रावणातला रंग कोळसा काढून घेतो, हे योहान टोबियास लोविट्झ यानं १७८५ मध्ये पाहिलं. पण कोळसा फारसा निवडक नसतो, बरंच काही धरतो. झिओलाइट निवड करतो. निवडीचे त्याचे निरनिराळे मार्ग आहेत आणि खरी गंमत तिथे आहे.

पहिला मार्ग मापाचा. दिंडोरीत राजारामनगरला कादवा सहकारी साखर कारखाना आहे. राज्यातल्या इतर अनेक कारखान्यांप्रमाणे त्यानंही इथेनॉल प्रकल्प उभारला. देशानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणलं, तेव्हापासून ऊस पिकवणाऱ्या गावांत इथेनॉल हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे. मळीत किंवा रसात यीस्ट घातलं, की साखरेचं अल्कोहोल होतं, ते पाण्यात मिसळलेलं असतं. मग ते ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यात जातं. अल्कोहोल पाण्यापेक्षा आधी उकळतं, म्हणून वरवर चढताना वाफेतलं अल्कोहोल वाढत जातं. पण वजनाला ९५.६ टक्क्यांवर आलं, की मनोरा हरतो. त्या प्रमाणाला पोचल्यावर द्रवात जेवढं पाणी, तेवढंच वाफेत. मनोरा दुप्पट उंच केला, आच दुप्पट लावली, तरी राहिलेलं पाणी निघत नाही. आणि एवढंसं पाणीही चालत नाही, कारण जास्तीच्या पाण्यामुळे पेट्रोल आणि अल्कोहोल टाकीत वेगळे होतात. इंधनासाठी इथेनॉल किमान ९९.५ टक्के लागतं.

पूर्वी या शेवटच्या पायरीसाठी बेन्झीन किंवा सायक्लोहेक्झेनसारखा तिसरा द्रव घालून पुन्हा ऊर्ध्वपातन करत. बेन्झीन कर्करोगकारक आहे, ते हाताळणं सोपं नव्हतं. आता वाफ अशा टाकीतून सोडतात जिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढे फिकट गोळे भरलेले असतात. कारखान्यात त्याला ‘मॉलिक्युलर सिव्ह’ म्हणतात, पुस्तकात ‘रेणू-चाळणी’. ही झिओलाइटची ‘ए’ जात. तिच्यात सोडियम असेल तर खिडकी सुमारे ०.४ नॅनोमीटरची असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोडियमच्या जागी पोटॅशियम बसवलं, की त्याचा आयन मोठा असल्यानं खिडकी ०.३ नॅनोमीटरवर येते. पाण्याचा रेणू त्याहून किंचित लहान आहे, तो आत शिरतो आणि आतली विद्युत ओढ त्याला धरून ठेवते. इथेनॉलचा रेणू सुमारे ०.४४ नॅनोमीटरचा. त्याला प्रवेशच नाही, तो गोळ्यांच्या मधून वाहत पुढे जातो, कोरडा होऊन. एका टाकीतले गोळे पाण्यानं भरले, की वाफ दुसऱ्या टाकीकडे वळवतात आणि पहिलीत दाब उतरवून पाणी हाकलून देतात. हे चक्र मिनिटामिनिटांनी चालत राहतं. प्रचंड मनोऱ्याला जमलं नाही ते काम पोटॅशियमचा एक आयन खिडकीत आडवा बसून करतो.

हे गोळे विहिरीच्या ढिगाऱ्यातून आलेले नसतात, हे सांगितलं पाहिजे. आपल्या खडकातले स्फटिक देखणे, पण विखुरलेले आणि मिसळलेले. जेम्स मॅकबेन आणि पुढे ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी अशा खनिजांच्या चाळणीसारख्या वागण्याचा अभ्यास केला. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यानं साध्या रसायनांपासून, फार दाब-तापमान न वापरता, झिओलाइट भराभर बनवायची रीत शोधली. खडकाला ज्यासाठी युगं लागली, ते काही तासांवर आलं. १९५४ पासून हे झिओलाइट बाजारात मिळू लागले. निसर्गातल्या आणि प्रयोगशाळेतल्या मिळून आज अडीचशेच्या आसपास निरनिराळ्या जाळ्या नोंदलेल्या आहेत.

मिल्टनला ज्या कामावर नेमलं होतं, ते काम होतं हवेतले वायू वेगळे करण्याचं. तिथे निवडीचा दुसरा मार्ग लागतो आणि त्याच्यासाठी आपल्याला २०२१ च्या एप्रिलमध्ये जावं लागेल.

करोनाच्या लाटेतला तो महिना नाशिक जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. ऑक्सिजनच्या टाकीसाठी माणसं रात्रभर गाड्या घेऊन फिरत होती. २१ एप्रिलला शहरातल्या एका रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या नळीवर ज्यांचा श्वास चालू होता, असे वीसहून अधिक रुग्ण गेले. सभोवती हवा होती, तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन होता, पण तो नायट्रोजनपासून वेगळा नव्हता. अंतर एवढंच होतं आणि ते पार करता येत नव्हतं. एका वायूपासून दुसरा वेगळा करणं म्हणजे काय, हे मला त्या महिन्यानं जसं शिकवलं तसं कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही.

द्रव ऑक्सिजन बनवताना हवा इतकी थंड करतात की तिचा द्रव होतो. मग नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला, या १३ अंशांच्या फरकावर दोघांना वेगळं करतात. त्यासाठी मोठा कारखाना लागतो आणि तिथून रुग्णालयापर्यंत टँकर.

दुसरी वाट झिओलाइटची. पण इथे चाळणी उपयोगी नाही. ऑक्सिजनचा रेणू ०.३४६ नॅनोमीटरचा आणि नायट्रोजनचा ०.३६४, आणि वापरल्या जाणाऱ्या झिओलाइटच्या खिडकीतून दोघेही सहज आत जातात. मग फरक कशानं पडतो? नायट्रोजनच्या रेणूत विद्युतभार थोडा असमान वाटलेला असतो. एकूण भार शून्य, पण मधल्या भागात किंचित धन, दोन्ही टोकांना किंचित ऋण. ऑक्सिजनमध्ये ही विषमता बरीच कमी. पिंजऱ्यात बसलेला सोडियम किंवा लिथियमचा धन आयन नायट्रोजनच्या ऋण टोकाला अधिक जोरानं ओढतो. दाब देऊन हवा आत सोडली, की नायट्रोजन भिंतीला लागतो आणि दुसऱ्या टोकानं ऑक्सिजन बाहेर येतो. दाब उतरवला, की नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा मोकळा. दोन टाक्या, आळीपाळीनं. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरावा लागलेल्या कुटुंबांना त्यातून ठरावीक वेळानं येणारा ‘फुस्स’ आवाज आठवत असेल. आतला झिओलाइट पकडलेला नायट्रोजन सोडून देतानाचा तो आवाज.

असा ऑक्सिजन ९३ ते ९५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो, शंभर होत नाही. कारण हवेत सुमारे एक टक्का आर्गॉन आहे आणि झिओलाइटला आर्गॉन आणि ऑक्सिजन यांच्यात फारसा फरक कळत नाही. नायट्रोजन गेल्यावर आर्गॉन ऑक्सिजनसोबतच राहतो. रुग्णाला त्यानं बाधा होत नाही.

आता निवडीचा तिसरा मार्ग. त्याच एप्रिलच्या शेवटी मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक मिलिंद अत्रे आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग जाहीर केला, जो मला या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर वाटतो. अन्नप्रक्रिया, औषधं, रसायनं अशा अनेक कारखान्यांत नायट्रोजन बनवणारी यंत्रं असतात. त्यांतही दोन टाक्या, दाब चढवणं, दाब उतरवणं, सगळं तसंच. फरक एवढाच, की आत झिओलाइटच्या जागी ‘कार्बन मॉलिक्युलर सिव्ह’ भरलेला असतो. हा खास बनवलेला कोळसा, ज्याच्या छिद्रांची तोंडं अत्यंत अरुंद केलेली असतात. त्याची ओढ दोन्ही वायूंना जवळपास सारखीच. पण ऑक्सिजन किंचित सडपातळ, म्हणून तो आत लवकर शिरतो. गर्दीच्या एसटीच्या दारातून दप्तरवालं पोर आधी आत घुसतं आणि बोचकं घेतलेला माणूस खालीच राहतो, तसं. नायट्रोजन आत शिरायच्या आधीच यंत्र दाब बदलतं आणि बाहेर राहिलेला नायट्रोजन काढून घेतं. शून्य पूर्णांक शून्य एक आठ नॅनोमीटरच्या फरकावर हे यंत्र चालतं.

अत्रे यांच्या गटानं टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक यांच्या मदतीनं असं यंत्र घेतलं, त्यातला कोळसा काढून झिओलाइट भरला आणि आवश्यक ते बदल केले. जे यंत्र ऑक्सिजन अडकवून नायट्रोजन देत होतं, ते नायट्रोजन अडकवून ऑक्सिजन देऊ लागलं. साडेतीन वातावरण दाबाला, ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा. यंत्राचा सांगाडा जवळपास तोच. बदलली ती आतली भिंत. एका भिंतीत कोण आधी पोचतो त्यावर निवड, दुसरीत कोण अधिक आवडतो त्यावर. अधिशोषणाचं अख्खं शास्त्र या एका अदलाबदलीत मांडता येईल.

द्राक्षाचा विषय दिंडोरीत टाळता येत नाही आणि इथेही तो आपणहून येतो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या ठिकाणांहून द्राक्षं युरोपला जातात. अनेक औषधांच्या बाबतीत तिथली उर्वरित अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे, ज्याला शेतकरी सीसीसी म्हणतात, आपले कंटेनर तिथे अडले आणि त्या हंगामाची झळ अनेक घरांना बसली. एवढा सूक्ष्म अंश शोधायचा, तर आधी द्राक्षातली साखर, आम्लं, रंग बाजूला सारावे लागतात. प्रयोगशाळेत द्राक्षाचा लगदा द्रावकात ढवळतात आणि वरच्या द्रवात चिमूटभर पांढरी पूड घालतात. आम्लं आणि बरीचशी साखर त्या पुडीला चिकटते, औषधाचे अंश द्रवात राहतात. मग तो द्रव सच्छिद्र कणांनी भरलेल्या बारीक नळीतून जातो, जिथे प्रत्येक औषध आपापल्या ओढीप्रमाणे रेंगाळतं आणि आपापल्या वेळी बाहेर येतं. पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं द्राक्षासाठी अशा पद्धती बसवल्या. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या अहवालातला प्रत्येक आकडा अधिशोषणातून गेलेला असतो.

पुण्यातच पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९८० च्या दशकात पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी तिथे ‘एन्सिलाइट’ नावाचे झिओलाइट उत्प्रेरक घडवले आणि ते देशातल्या पेट्रोरसायन कारखान्यांत वापरले गेले. तिच्या शेजारीच २००६ मध्ये आयसर ही विज्ञान संशोधन संस्था सुरू झाली आणि तिथे सच्छिद्र पदार्थांची पुढची पिढी आकार घेते आहे.

ही पिढी झिओलाइटपेक्षा वेगळ्या विचारातून आली. मेलबर्नमध्ये रिचर्ड रॉबसन १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी अणूंची लाकडी मॉडेल्स तयार करून घेत होते. चेंडूंना नेमक्या कोनात भोकं पाडली, की काड्या घालताना रचना आपोआप बरोबर येते, हे त्यांच्या लक्षात आलं. जोडणीची जागा आधीच ठरवली, तर खरे रेणूही तसेच रचले जातील का? १९८९ मध्ये त्यांनी धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू वापरून तशी पोकळ जाळी करून दाखवली. क्योटोच्या सुसुमू कितागावा यांनी अशा जाळ्यांत वायू आत घेता-सोडता येतात हे दाखवलं, तर ओमर याघी यांनी त्या मजबूत केल्या आणि हव्या त्या मापाच्या करायची रीत बसवली. धातू-सेंद्रिय जाळ्या असं त्यांना म्हणू. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. काही जाळ्यांचा पृष्ठभाग ग्रॅमला सात हजार चौरस मीटरपर्यंत जातो. गुंठ्यात सांगायचं, तर जवळजवळ सत्तर गुंठे. याघींच्या गटानं ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतून अशा पदार्थाकडून पाणी काढून घेतलं: रात्री ओल धरली, दिवसा उन्हानं सोडली.

झिओलाइटच्या भिंतीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन एवढीच सामग्री. इथे भिंत रसायनशास्त्रज्ञ स्वतः आखतो. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांच्या गटानं बेन्झीन आणि सायक्लोहेक्झेन वेगळे करणाऱ्या जाळ्यांवर काम केलं आहे. एक उकळतं ८०.१ अंशांना, दुसरं ८०.७ ला. अर्ध्याहून जेमतेम जास्त अंशाचा फरक, ऊर्ध्वपातनाला तो पुरत नाही. पण बेन्झीनचा रेणू सपाट आहे आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा सैल ढग आहे, सायक्लोहेक्झेनचा वाकडातिकडा आणि ढगाविना. भिंतीत नेमक्या जागी उघडा धातू ठेवला, तर ती बेन्झीनला ओळखते. डेव्हिड शोल आणि रायन लाइव्हली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलं होतं, की अमेरिकेतल्या उद्योगांची जवळपास निम्मी ऊर्जा पदार्थ वेगळे करण्यातच जाते. त्यातलं बरंचसं काम उकळण्याचं. म्हणून तर ओळखणाऱ्या भिंतीचा एवढा पाठलाग.

सध्या सर्वांत कठीण ओळख आहे कार्बन डायऑक्साइडची. कारखान्यात उसाचा रस किंवा मळी आंबते, तेव्हा जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पकडणं सोपं. बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या धुराचं तसं नाही. त्यात नायट्रोजन भरपूर, कार्बन डायऑक्साइड थोडा आणि पाण्याची वाफ. झिओलाइटसमोर हा धूर सोडला, तर तो आधी पाणी उचलतो, कारण पाण्याची विद्युत विषमता सगळ्यांत मोठी. ज्या गुणानं त्यानं इथेनॉल कोरडं केलं, तोच गुण इथे आड येतो. खोल्या पाण्यानं भरतात आणि कार्बन डायऑक्साइड चिमणीतून निघून जातो.

आयसर पुण्याचे रामनाथन वैद्यनाथन या प्रश्नावर बराच काळ आहेत. २०१० मध्ये ते आणि कॅनडातल्या कॅल्गरीचे जॉर्ज शिमिझू व सहकारी यांनी पिंजऱ्यात अडकलेले कार्बन डायऑक्साइडचे रेणू नेमके कुठे आणि कसे बसले आहेत, हे क्ष-किरणांनी स्फटिकात प्रत्यक्ष पाहिलं. पाहुणा खोलीत कुठल्या भिंतीला टेकतो हे कळलं, की भिंत कशी असावी हेही कळतं. २०२१ मध्ये शिमिझूंच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झालेल्या आणि वैद्यनाथन सहलेखक असलेल्या संशोधनात ‘काल्फ-२०’ नावाची जाळी मांडली गेली. मध्यम दमट हवेतही ती पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड उचलते. साडेचार लाखांहून अधिक वेळा वाफ देऊनही तिचा गुण फारसा उतरला नाही आणि कॅनडात सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर ती चालवून पाहण्यात आली.

तिची सामग्री फक्त तीन गोष्टींची: जस्त, ऑक्झॅलेट आणि ट्रायझोल. यातलं तिसरं नाव दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला परकं नाही. भुरीसाठी फवारतात त्या हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल या औषधांच्या रेणूत हेच पाच अणूंचं वलय आहे, दोन कार्बन आणि तीन नायट्रोजन. बुरशीच्या पेशीत ते वलय एका विकराच्या लोहाला नायट्रोजननं धरतं आणि पेशीचं पटल बनणं थांबवतं. काल्फ-२० मध्ये तेच नायट्रोजन जस्ताला धरतात आणि जस्तांना जोडून थर विणतात, थरांमधले खांब ऑक्झॅलेटचे. दमट बगॅसचा धूर सिमेंटच्या धुरापेक्षा ओला असतो, त्यामुळे त्या खांबांमधली जागा किती रुंद ठेवायची, धूर आधी किती कोरडा करायचा आणि जाळी गरम वाफेनं मोकळी करायची की नुसत्या निर्वातानं, ही गणितं साखर कारखान्याच्या चिमणीसाठी नव्यानं मांडावी लागतील.